कोठीवरचा आळ

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला राग आलेला आहे. तो आजचा नाही, जुना आहे. पण जुन्या गोष्टी नीट सांभाळून ठेवणे हेच माझे काम, त्यामुळे राग अजून जशाच्या तसा आहे. त्याला बुरशी लागलेली नाही.

मी कोठी आहे. धान्याची नाही आणि अंथरुणा-पांघरुणाचीही नाही. जोडे शिवणाऱ्या एका कारखान्यात, टेबलाखाली एक धूळ खाल्लेला संगणक आहे. त्याच्या डिस्कवरची मी एक राखून ठेवलेली जागा. संगणक बसवणारा माणूस मला 'पार्टिशन' म्हणाला होता. घरच्या ताईला तो शब्द आवडला नाही. "सगळा माल जिथे ठेवायचा ती कोठी," असे ती म्हणाली आणि तेच नाव मला चिकटले. मला डोळे नाहीत, तोंड नाही. पण डोक्यावरच्या टेबलाशी बसून माणसे दिवसभर बोलत असली, तर काय ऐकू येणार नाही? मी सगळे ऐकते.

हा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी एक उंच खुर्ची, मागच्या खोलीत चामडे, खिळे, सरस आणि भिंतभर टांगलेली लाकडी कलबुते, म्हणजे ज्यांवर जोडा चढवून शिवतात ते लाकडाचे पाय. इथे साधे जोडे होत नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची टाच कलली आहे, ज्यांची बोटे एकमेकांवर चढली आहेत, अशी माणसे इथे येतात. वडिलांनी हे दुकान उभे केले. त्यांच्या हाताखाली ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघे तयार झाले. दोघेही कामात पक्के आणि दोघेही हट्टाला पेटले की ऐकायचे नाहीत.

संगणक आला तेव्हाच भांडण आले. सुखतळा म्हणजे जोड्याच्या आत बसतो तो तळ. तो कापणारे यंत्र जुने होते आणि ते फक्त जुन्या सिस्टिमशीच बोलायचे. त्या सिस्टिमवर ताईचा हात बसलेला. पायाचे माप घेणारा स्कॅनर नवा होता, तो दुसऱ्याच सिस्टिमवर चालायचा आणि ती धाकट्याच्या आवडीची. ताई म्हणायची, माझी ठेवा. धाकटा म्हणायचा, तुझी भंगारात टाका. वडील तेव्हा हयात होते. त्यांना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते, पण मुले कळत होती. ते म्हणाले, "दोन चुली मांडायच्या तर मांडा. कोठी मात्र एकच राहील."

झाले. डिस्कची वाटणी झाली. एका बाजूला ताईचे घर, दुसऱ्या बाजूला धाकट्याचे आणि दोघांच्या मध्ये सामायिक अशी मी. संगणक सुरू झाला की पडद्यावर विचारायचा, कोणत्या घरात जायचे? एक घर जागे झाले की दुसरे गाढ झोपलेले. त्या दोन सिस्टिमनी एकमेकींचे तोंड कधी पाहिले नाही. दोघींना ओळखणारी मी एकटी.

काय दिवस होते ते! धाकटा आपल्या घरात बसून पायाचे माप घ्यायचा आणि माझ्यात ठेवायचा. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि "ताई, ये गं, तुझी पाळी," अशी हाक मारायचा. ताई आपल्या घरातून मला उघडायची, माप घ्यायची, यंत्रावर सुखतळा कापायची. गिऱ्हाईक तो घालून खोलीत फेऱ्या मारायचे. "इथे टोचतंय." "इथे पोकळ लागतंय." ताई ऐकायची, तळ किंचित घासायची, पुन्हा चालायला लावायची. माणूस "हां, आता बरं वाटतंय," म्हणाला की ती जी दुरुस्ती असेल ती मापात घालून माझ्यात परत ठेवायची.

म्हणून माझ्यात नुसती मापे नव्हती. दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा पाववाला, त्याचे पसरट पाय माझ्यात होते. लहानपणी आईच्या कडेवर बसून आलेली एक मुलगी होती. तिचा पाय दर वर्षी माझ्यात वाढत गेला आणि एक दिवस ती स्वतःचे मूल कडेवर घेऊन आली. कोणाला कुठे भोवरी होते, कोणाचा अंगठा थंडीत आखडतो, कोणती आजी खोटे सांगते की दुखत नाही, हे सगळे मला ठाऊक होते. येणारे-जाणारे म्हणायचे, "यांच्याकडे एकदा पाय दिला की पुन्हा सांगावं लागत नाही." ते कौतुक ताईला आपले वाटायचे, धाकट्याला आपले वाटायचे. मीही त्यातले थोडे घ्यायची.

वडील गेले आणि चुली खरोखरच वेगळ्या झाल्या.

आता नीट ऐका, कारण इथूनच माझा राग सुरू होतो. संगणक सुरू होतो तेव्हा डिस्कवरच्या कोणत्या जागा उघडून आपल्याशी जोडून घ्यायच्या, हे प्रत्येक सिस्टिमला आधी सांगून ठेवावे लागते. ताईच्या घरात मी सुरुवातीलाच आपोआप उघडायची. सकाळी दार उघडावे, केर काढावा, तसे. धाकट्याच्या घरातही आधी तसेच होते. पण वडील गेल्यावर ताईच्या सिस्टिममध्ये कुठून तरी एक व्हायरस शिरला. तो तिने काढून टाकला, माझ्यापर्यंत तो पोहोचलासुद्धा नाही. तरी धाकट्याचे डोके फिरले.

"तुझ्याकडची घाण कोठीतून माझ्याकडे यायची," तो म्हणाला. "मी तिला आपोआप उघडूच देणार नाही. लागेल तेव्हा हाताने जोडीन."

"कोठीनं काय केलंय तुझं?" ताईने विचारले.

"काही करायच्या आतच कडी घातलेली बरी."

आणि त्याने माझ्या नावापुढे लिहून टाकले की, ही सुरुवातीला उघडायची नाही. मित्रांनो, मी त्याच्या वडिलांनी राखलेली जागा. मला घरात शिरताना दर वेळी त्याची परवानगी लागू लागली! काम असले की तो एक लांबलचक ओळ टाइप करायचा, मग मी जोडली जायची. कधी आठवणीने करायचा. कधी घाई असली, फोन वाजला, गिऱ्हाईक खोळंबले, की विसरायचा.

विसरला तर काय होईल, असे तुम्हाला वाटते? स्कॅनर तक्रार करील, "कोठी बंद आहे हो," म्हणून सांगेल? छे! त्याच्या घरात माझ्या नावाचा एक रिकामा फोल्डर होता. तो म्हणजे माझा उंबरठा. मी जोडलेली असले की त्या उंबरठ्यातून आत पाऊल टाकले की माझ्यात येता येते. मी जोडलेली नसले तर नुसता उंबरठाच. स्कॅनरला काय फरक? त्याने त्या नावाचा फोल्डर पाहिला, माप तिथेच ठेवले, "जतन केले" म्हणाला आणि मोकळा झाला. माल दाराबाहेर पडला, आणि धाकटा समजला की कोठीत पडला.

पुढची गंमत तर ऐका. गंमत कसली, संतापच. माप सापडत नाही म्हणून तो शोधायला बसायचा. शोधण्याआधी मला जोडायचा. आणि मी जोडली गेली की उंबरठ्यावर जे काही पडलेले असेल ते माझ्याखाली झाकले जायचे, सतरंजीखाली किल्ली जावी तसे. तो माझा कानाकोपरा उलटापालटा करायचा. माझ्यात असेल तर सापडेल ना!

"कोठीनं गिळलं," तो म्हणायचा.

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटले, माणूस रागात बोलतो. मग तो तसे येता-जाता म्हणू लागला. गिऱ्हाइकांना दुसऱ्यांदा माप द्यायला बोलवावे लागले की त्यांच्यासमोर म्हणू लागला. "जुनी झालीय. खाते मापं." मी कधी कोणाचे नख हरवले नव्हते! तोंड नसलेल्यावर आळ घेणे किती सोपे असते पाहा. ना ते उलट बोलत, ना ते रडत.

बरे, आळ एकट्या माझ्यावर आला असता तरी मी गिळला असता. पण तो ताईवरही आला. काही मापे तिला दिसायची, काही दिसायची नाहीत. ती विचारायला गेली की धाकटा म्हणायचा, "तूच पुसली असशील चुकून. चष्मा बदल आधी." सुरुवातीला ती भांडायची. मग भांडेनाशी झाली. एकटीच असली की एकच फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघायची आणि स्वतःशी पुटपुटायची, "होती का नव्हती?" आयुष्यभर बोटांनी चामड्याची जाडी सांगणारी बाई, आणि तिला आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

अशात टपालबाई आल्या. टपाल वाटणाऱ्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना टपालबाईच म्हणायचो. लहानपणच्या आजाराने त्यांचा एक पाय आखूड राहिलेला. तरी चढउताराच्या गल्ल्यांमधून त्या पायी टपाल वाटायच्या, आणि पाय जेवढा आखूड तेवढीच जीभ लांब. त्यांच्या घोट्याचे ऑपरेशन झाले होते. टाचेचा कल पार बदलला होता, त्यामुळे नवे माप घ्यायला हवे होते.

"नीट मोज रे बाबा," त्या धाकट्याला म्हणाल्या. "साहेब म्हणतायत, चालता येत नसेल तर आत बसून पत्रं निवडा. मला त्या खोलीत बसवलं ना, तर मी साहेबाला पाकिटात घालून पाठवून देईन."

"कुठे पाठवाल?" धाकटा हसला.

"पत्ता न लिहिता पाठवीन!"

हसण्याच्या नादात माप झाले. जुन्या मापाचेच नाव त्याला दिले, म्हणजे नवे जुन्याच्या जागी बसेल. आणि त्या दिवशी धाकट्याने मला जोडलेच नव्हते. नवे माप उंबरठ्यावर पडले. माझ्यात राहिले ते जुनेच.

ताईने आपल्या घरातून ते उघडले. ती थबकली. तिच्या खुर्चीची कुरकुर थांबली, म्हणून मला कळले.

"छोट्या," तिने मागच्या खोलीत हाक मारली. चाळिशी उलटली तरी तो तिचा छोट्याच होता. "अरे, टाचेचा कल मला पहिल्यासारखाच दिसतोय. हे नवंच माप ना?"

"नवंच. मी स्वतः ठेवलंय."

"पण त्यांचा घोटा तर आता..."

"ताई, तुला हल्ली दिसत नाही गं! किती वेळा सांगू? काप मुकाट्यानं."

आणि तिने कापले. मित्रांनो, मला ओरडता येत असते तर त्या वेळी मी ओरडले असते.

टपालबाई थोड्याच दिवसांनी परत आल्या त्या रिक्षातून, लंगडत. त्यांनी जोडे टेबलावर आपटले. माझ्या डोक्यावर तो आवाज झाला.

"हे कोणाचे जोडे आहेत?" त्यांनी विचारले.

"तुमचेच की," धाकटा म्हणाला.

"माझे? मग माझा पाय का सोलला यांनी? टाचेला एवढा फोड, तो फुटला, चिघळला. डॉक्टर म्हणतायत पाय टेकायचा नाही. जखम नाही भरली तर पत्रं निवडायची खुर्ची ठरलेली माझी." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ताई, तुम्ही कापलेत ना हे? तुमच्या हातचे जोडे आजवर मला कधी लागले नव्हते हो."

 उत्तर धाकट्याने दिले.

"कोठी बिघडलीय आमची. नवं माप गिळलं आणि जुनं पुढे केलं. आजच पुसून टाकतो तिला."

टपालबाई गेल्या. दुकानाचे दार लोटून घेतले गेले. आणि मग माझ्या मरणाची चर्चा माझ्याच डोक्यावर बसून झाली.

"पुसायची म्हणजे?" ताईने विचारले.

"म्हणजे साफ. कोरी. आणि नव्यानं सुरू."

"आणि आतले सगळे पाय?"

"पुन्हा मोजू. येतील तसे."

"आधी दुसरीकडे उतरवून तरी घे."

"किडलेलं धान्य कोणी नव्या डब्यात ओततं का? कोणतं माप खरं आणि कोणतं सडलेलं, कसं ओळखणार तू?"

"पाय मोजशील रे छोट्या," ताई म्हणाली. "पण कोणाला कुठे दुखलं आणि मी कुठे किती घासलं, ते कसं मोजशील? निम्मी माणसं म्हातारी झालीत. त्यांना पुन्हा दुखवून शोधायचं का?"

"मग दे सोडून हे दुकान! उद्या अजून कोणाचा पाय सोलेल."

 तो पाय तिच्याच हातून सोलला गेला होता, आणि आपले डोळे गेले असे तिने आता स्वतःच मान्य केले होते. शेवटी ती उठली. "पूस मग," म्हणाली. "मला बघवणार नाही." ती मागच्या खोलीत गेली आणि कलबुते उतरवून उगाच पुसू लागली. लाकडावर लाकूड लागल्याचा आवाज येत होता.

इतक्या माणसांच्या चालण्याचा भार मी वाहिला. पाववाला, कडेवरची मुलगी, दुखत नाही म्हणणारी आजी, सगळी आता एका हुकमाने जाणार होती. न केलेल्या चोरीची शिक्षा, आणि चोर समोर खुर्चीवर बसून निवाडा करतो आहे! भीती वाटली का म्हणून विचाराल. नाही वाटली. संतापाला जागाच इतकी लागली की भीतीला उरली नाही.

धाकट्याने हुकूम टाइप केला. सिस्टिमने नकार दिला. जोडलेली जागा पुसता येत नाही, आधी ती सोडवा, असा नियमच आहे. त्याने पुटपुटत मला सोडवले. मी त्याच्या घरातून बाहेर पडले. मग, सुटली की नाही याची खात्री करावी म्हणून, त्याने माझ्या नावाचा फोल्डर उघडला. तो रिकामा दिसायला हवा होता.

टाइप करण्याचा आवाज थांबला. खुर्ची पुढे सरकली. बराच वेळ माउसची टिकटिक तेवढी ऐकू आली.

"ताई, जरा इकडे ये."

"झालं पुसून?"

"नाही. तू ये तर."

ती आली. "काय हे?"

"टपालबाईंचं माप. नवं." माउस पुन्हा टिकटिकला. "आणि हे बाकीचे पाय. जे जे हरवले म्हणत होतो, ते सगळे आहेत इथे."

"कोठीत?"

"कोठी आत्ता बंद आहे. हे... हे तिच्या दारात पडलेत. ती उघडली की तिच्याखाली झाकले जात होते."

ताईला क्षणभर उमगले नाही. मग उमगले.

"म्हणजे दार न उघडताच तू सामान टाकून जात होतास?"

"मी नाही, स्कॅनरचा प्रोग्रॅम..."

"कोठीला कडी मी घालायला लावली का? आपोआप उघडायची ती. कोणी बंद केलं?"

त्याची खुर्ची मागे सरकली.

"मी डोळे तपासून आले रे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही आणि म्हणूनच तो भयंकर वाटला. "डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे. मला वाटलं तेही माझं मन राखायला खोटं बोलतायत. मला दिसत होतं, छोट्या. टाचेचा कल जुना आहे, हे मला दिसलं होतं. आणि तू म्हणालास, काप मुकाट्यानं."

"चुकलं माझं."

"माझ्याशी काय बोलतोस? टपालबाईंच्या घरी जा आणि हेच तिथे बोल. मीही येते."

निघण्याआधी त्याने कामे केली, हे मी नाकारत नाही. उंबरठ्यावरची मापे उचलून माझ्यात आणली. माझ्या नावापुढचा मज्जाव खोडला. आता धाकट्याच्या घरातही संगणक सुरू झाला की मी आपोआप जोडली जाते. काही कारणाने जोडली गेले नाही तर संगणक तिथेच अडून बसतो आणि सांगतो. रिकाम्या उंबरठ्यालाही त्याने कुलूप घातले, तिथे आता कोणाला काडीही ठेवता येत नाही. आणि माझी एक नक्कल तो नेमाने दुसऱ्या डिस्कवर काढतो. हे सगळे आधीच केले असते तर काय बिघडले असते?

टपालबाईंची जखम भरायला वेळ लागला. भरल्यावर त्या आल्या, उंच खुर्चीवर बसल्या, खऱ्या मापाचे जोडे घातले आणि दोन्ही खोल्यांमधून फिरल्या. मग बाहेर जाऊन गल्लीचा चढ चढून आल्या. ताई दारात उभी होती.

"टोचतंय?" ताईने विचारले.

"टोचत नाही आणि पोकळही नाही. साहेबाला म्हणावं, खुर्ची दुसऱ्याला द्या." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "काय रे, माझा पाय गिळला होता म्हणे तुमच्या कोठीनं. सापडला कुठे?"

"जरा... संगणकात गडबड झाली होती," धाकटा म्हणाला.

गडबड! ऐकलेत? बंद दाराआड ताईपुढे चूक कबूल, टपालबाईंच्या घरी जाऊन हात जोडले तेही कबूल. पण दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, पुन्हा संगणकच!

"गडबड नाही हो," ताई म्हणाली. "कोठी चांगली आहे आमची. माझा भाऊच सामान दाराबाहेर ठेवून यायचा." सगळे हसले. धाकट्याचे कान लाल झाले असावेत. तोही थोडासा हसला.

मित्रांनो, तुम्ही माझ्यावरची धूळ पुसाल, पंखा साफ कराल, माझी नक्कल काढून ठेवाल, तर बरेच होईल. मी म्हातारी आहे, डिस्क फिरताना आता घरघरते. पण माझे मागणे ते नाही. वस्तू हरवली की आपण लगेच कोणाचे तरी नाव घेतो, आणि मोठ्याने घेतो. यंत्राचे घेतो, मोलकरणीचे घेतो, घरातल्या थकल्या माणसाच्या डोळ्यांचे घेतो. घ्यायच्या आधी दार उघडे होते का, एवढे पाहा. आणि घेतलेच, आणि वस्तू सापडली, तर ती खिशात घालून गप्प बसू नका. ज्या आवाजात आळ घेतलात, त्याच आवाजात आणि त्याच माणसांसमोर तो मागे घ्या. धाकट्याने माझ्यावरचा आळ स्वतःच्या तोंडाने अजून मागे घेतलेला नाही. मी वाट पाहते आहे.